आईच्या कोठीसाठी माळा

११ मार्च, धरणगाव

कूलर काढला. जिन्याखालून ओढताना वरचे डबे, फाटक्या ताडपत्र्या, ह्यांनी जिनिंगमधून आणलेल्या रिकाम्या गोण्या, सगळं अंगावर आलं. कूलरच्या गवतात उंदराची पिल्लं. कोपर सोललं. बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज, "सांभाळून गं." उठले मात्र नाहीत.

या घरात वस्तूला जागा नाही. माणसालाही नाही खरं तर. आई संक्रांतीला आली ती अजून माझ्या शिलाई मशीनमागे सतरंजी टाकून झोपते. चिंध्या उडून तिच्या केसांत जातात. कुरकुर नाही. आज बोलली ते नेहमीचंच, "मन्ही बाजरी सरनी का मी जासू."

साक्रीहून येताना अर्धं पोतं बाजरी घेऊन आली. तिची भाकरी तेवढ्याच पिठाची, स्वतः थापते. भाजी आमची चालते. का, तर "भाजी ते शेजारीन बी देस." भाकरी मात्र "आंडेरना घरनी" नको. आंडेर, आंडेर. लेक झाले म्हणून काय विष वाढते का ताटात? घरपट्टीवर माझं नाव आहे, वीजबिल मी भरते शिवणाच्या पैशातून. तरी तिच्या हिशेबी इथला दाणा न् दाणा जावयाचा.

१६ मार्च

दिलीपचा फोन. साक्रीचं घर रिकामं करायचं, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की भाडेकरू येणार. "अक्का, भंगारवाल्याशी बोललोय. तुला काही हवं असेल तर आधी बघून घे." नाशकात तिसऱ्या मजल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकतोय माझा धाकटा भाऊ.

भंगार म्हणजे काय, तर आईची धान्याची पत्र्याची कोठी, जातं, दोन पितळी हंडे, घंगाळ, लोखंडी ट्रंक. कोठीत बाजरी भरलेली आहे, निम्म्या वाट्याने दिलेल्या शेतातली. ती पण भंगारात देतोस का, विचारलं.

"बाजरी विकून टाकू गं."

"आणि आई?"

"आई येईल माझ्याकडे. शेवटी मुलाकडेच यायला हवं ना. लोक काय म्हणतील?"

फोन ठेवला. हल्लीचा फोन आपटताही येत नाही, त्याचाही राग येतो.

१७ मार्च

पोळ्या लाटताना सुचलं. कोठीच इथे आणायची. मग आई वर्षभर तिचीच बाजरी खाईल. सरायचा प्रश्न नाही, जायचा प्रश्न नाही. कोठीला जागा नाही, तर जागा करायची. मधल्या खोलीवर पत्रे आहेत, दोन्हीकडे उतार, आढ्याखाली माणूस वाकून उभा राहील एवढी उंची. तिथे माळा घालायचा. असातसा नाही. भरलेली कोठी, जातं, आणि वर मी चढले तरी हलता कामा नये.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "कॉटखाली ठेवू की."

कोठी माझ्या छातीइतकी. कॉटखाली!

२० मार्च

शांतारामभाऊ मिस्त्री येऊन गेले. टेप खिशात आणि माप डोळ्याने. "पाइप टाकतो, वरून प्लाय. फस्क्लास." कोठीचं सांगितलं, जात्याचं सांगितलं. हसले. "माळ्यावर हत्ती बांधशात का, अक्का?" ह्यांनाही हसू आलं. माझी शिवणाची टेप काढली आणि खोली मीच मापून दिली. वर चढायचं तोंड किती मोठं ठेवायचं तेही. कोठीचा घेर साक्रीच्या शेजारणीकडून सुतळीने मापून घेतला होता फोनवर. नंतर अडकली बिडकली म्हणायला नको.

आई मशीनमागून बघत होती. "जवाईना घरमा मन्हा पसारा नको वं." ऐकू आलं नाही असं दाखवलं.

२७ मार्च

मिस्त्री म्हणाले, झाला माळा, चढा. चढले. मधोमध उभी राहिले तर पायाखाली प्लाय वाकला. पाइप इतके लांब लांब की मध्ये म्हैस बसेल. मी उडी मारली. हो, मुद्दाम मारली. एका पाइपाचं वेल्डिंग सुटलं आणि मोरीकडच्या भिंतीचे पोपडे खाली. "ओ अक्का! ओ अक्का!" मिस्त्री खालून.

उतरून भिंत बघितली. पाइपांची टोकं खोचली कुठे, तर मोरीच्या चार इंची भिंतीत! ती भिंत पाणी उडू नये म्हणून घातलेली. तिच्यावर जातं? आणि बरोबर त्याच्याखाली आईची सतरंजी.

"खाली आई झोपते!" एवढंच ओरडत होते मी. दुसरं काही सुचेना. आईसाठी माळा आणि आईच्याच अंगावर पडला असता. सगळं काढा म्हटलं. आत्ता. माझ्यासमोर.

हे म्हणाले, "हळू बोल, गल्लीत ऐकू जातं." गल्लीला कान आहेत, ह्यांनाच नाहीत.

३० मार्च, पाडवा

श्रीखंड केलं. मिस्त्री फोन उचलत नाहीत. छताला भोकं, भिंतीला भोकं, खाली चुना. सणाच्या दिवशी घर असं. आईने आधी झाडू मारून दिला, मग तिची भाकरी थापली. श्रीखंड घेतलं नाही.

३ एप्रिल

मिस्त्री आले एकदाचे. मान खाली. मीही जास्त बोलले नाही, काम करून घ्यायचंय. आता पाइप नाहीत, गर्डर. खोलीच्या आखूड बाजूने. एक टोक जुन्या जाड भिंतीत, त्याच्याखाली दगडी पाट. मोरीकडे भिंतीला हातच लावायचा नाही, खाली पाया खोदून लोखंडी खांब. फळ्या आंब्याच्या आणतो म्हणाले, स्वस्त पडतात. आंब्याला भुंगा लागतो हे मला शिंपिणीला कळतं. बाजारात एक जुनं दुकान पाडलंय, त्याच्या सागाच्या फळ्या मिळाल्या. जाड आहेत, खिळा आत जाताना मिस्त्रींचा घाम काढतात. बरं झालं.

खांब मात्र नेमका खिडकीजवळ येतो. तिथे माझं मशीन. दिवसभर उजेड असतो म्हणून लग्नानंतर मी ती जागा भांडून घेतलेली. मशीन आता आतल्या भिंतीला. काळ्या कापडावर काळा दोरा, दुपारीसुद्धा दिवा लावूनच.

"मंग मशीन कोठे ठेवशात?" मिस्त्रींनी विचारलं.

"डोक्यावर."

९ एप्रिल

गेले कित्येक दिवस आई म्हणतेय, "पीठले कस नही. भाकर चिरास." मी म्हटलं उन्हाळा आहे, पीठ जुनं झालं असेल. आज तिने डबाच पुढे केला. "गिरनीवाला पीठ बदलस."

माझं डोकं आधीच तापलेलं. डबा घेतला आणि तशीच गेले. चार बायका रांगेत. त्यांच्यासमोर त्याला काय काय बोलले. म्हातारीची बाजरी चोरतोस, तिला डोळ्याने कमी दिसतं म्हणून? तो देवीची शपथ घ्यायला लागला. "तुमच्या घरून येतं तेच दळतो, ताई." चोराच्या उलट्या बोंबा, मी म्हटलं. मग तोही ओरडला. गिरणी बंद करून ओरडला, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू यावं.

घरी येऊन आईला सांगितलं, उद्यापासून दुसरी गिरणी. हे जेवत होते. घास हातातच राहिला. मला वाटलं माझ्या पराक्रमाने.

१२ एप्रिल

गिरणीवाल्याने ह्यांना बाजारात गाठलं. घरी आले ते चपला न काढता उभेच राहिले.

ह्यांनीच केलंय. आईचं पोतं खाली जायला लागलं तसे बाजारातून बाजरी आणून त्यात ओतत होते. फेब्रुवारीपासून. आई देवळात गेली की. मला पत्ता नाही.

"सरली की जाणार म्हणाल्या ना त्या," हे म्हणाले. "मग सरू दिली नाही. दुसरं काय करणार?"

एवढा मोठा माणूस, जिनिंगमध्ये काट्यावर बसतो, कापसात कुणी पाणी मारलं तर बोटाने ओळखतो. आणि घरात पोत्यात भेसळ करतो, सासू राहावी म्हणून. मारावं की पाया पडावं! दोन्ही नाही केलं. चांगल्या माणसाला चार बायकांत चोर ठरवून आले होते मी, त्याचं आधी अंगावर आलं. सगळा राग ह्यांच्यावर काढायला तोंड उघडलं, तर मागे दारात आई.

ऐकलं होतं सगळं.

"मंग मी जवाईनं खादं?"

पदर डोक्यावर ओढून भिंतीकडे तोंड करून बसली.

१३ एप्रिल

भाकरी बंद. पाणी पिते. केळी खाते, ती शेजारच्यांच्या बागेतली म्हणून.

सकाळी बघते तर अंगणात पोतं रिकामं करून बसलेली. सुपात मूठ मूठ घेऊन निवडतेय. साक्रीचा दाणा बारीक, हिरवट. बाजारचा टपोरा. ती एकातून एक वेगळा करत होती. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, सूप नाकाशी नेऊन. माझं एका बाजूला, तिचं एका बाजूला.

मला सहन झालं नाही. सूप हिसकावलं. "दोन महिने खाल्लंस, पोटात गेलं, अंगी लागलं. कोसळलं का आभाळ? माझ्या घासात काय खोट आहे ते सांग. दिलीपचं चालतं, त्याने तर तुझी कोठी भंगारात काढली. माझं का नाही? तुझ्या पोटची नाही का मी?"

वर बघत राहिली. मी सगळी बाजरी उधळून दिली अंगणात. दोन्ही. चिमण्या आल्या, त्यांनी काही निवडलं नाही.

मग मोरीत जाऊन रडले. नळ सोडून.

१५ एप्रिल

हे काल पहाटेच्या एसटीने साक्रीला गेले. धुळ्याला बदलून. रात्री मुक्काम शेजाऱ्यांच्या ओसरीवर. आज दुपारी आले, मांडीवर पिशवी, शर्ट पाठीला चिकटलेला. पिशवी आईसमोर ठेवली.

"आई, ही कोठीतलीच. शेजारणीसमोर काढली. फोन करून विचारा हवं तर."

आईने हात घालून दाणे बोटांत घोळवले. उठली, जुन्या गिरणीत स्वतः गेली. माझ्याऐवजी तिनेच गिरणीवाल्याची माफी मागितली असणार, कारण तो मघाशी गल्लीतून जाताना माझ्याकडे बघून नुसता मानेने 'असू दे' म्हणाला. मला लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो.

संध्याकाळी भाकरी खाल्ली. ह्यांच्याशी अजून बोलत नाही. मी बोलते. अर्धा राग उतरला माझा. अर्धा राखून ठेवलाय.

१९ एप्रिल

माळा झाला.

मिस्त्री, त्यांचे दोन गडी, हे आणि मी, सगळे एकदम चढलो. फळीवर पाण्याने भरलेला पेला ठेवायला लावला आणि शेजारी पाय आपटला. पाणी हललं नाही. पुन्हा आपटला. नाही. दाराच्या बाजूने मोरीच्या बाजूला चालत गेले, एक फळी करकरली नाही. सागाला तेल लावलंय, वास येतोय चांगला. कडेला ढोपरभर कठडा, वस्तू घसरू नये म्हणून. शिडी लोखंडी, धरायला कांब.

मिस्त्रींनी घाम पुसला. "आत्ते बांधा हत्ती."

हसू आलं मला. महिन्याभरात पहिल्यांदा.

२५ एप्रिल

साक्रीहून टेम्पो आला. दिलीप नाही, नुसता ड्रायव्हर. दोन हंड्यांपैकी एकच. फोन केला तर म्हणे, "भंगारवाला आधीच येऊन गेला गं, चुकून गेला असेल." पितळी हंडा चुकून जातो. ह्याचं डोकं नाही जात चुकून.

गर्डरला दोर टाकून कोठी ओढली. तोंडातून अलगद आत. ह्यांनी बादली बादलीने बाजरी वर नेऊन भरली, डोक्यापासून पायापर्यंत भुस्सा. मग घंगाळ, हंडा, ट्रंक, तिच्याच गव्हाचं एक चुंगडं, लहानसं पोतं. शेवटी जातं. एकेक तळी चौघांनी. खाली उभी राहून मी कान लावून ऐकत होते. काही नाही. घर जसं होतं तसं.

आई अंगणात, पाठ करून. एकदाही वर बघितलं नाही.

२७ एप्रिल

"सामान ऱ्हाऊ दे तुन्हाकडे. मी दिलीपना घर जास."

स्वतः फोन करून सांगितलं त्याला. एक तारखेला सुट्टी आहे, न्यायला येतोय.

मी कात्री खाली ठेवली. आधी ठेवली ते बरं झालं. गर्डर घातले, खांब रोवला, मशीन अंधारात गेलं, नवरा साक्रीला पाठवला, ते काय ट्रंक सांभाळायला? विचारलं तिला. आता तुझंच धान्य आहे ना घरात? मग?

मग म्हणाली, "आखाजीले आंडेर मायना घर येस. मायच आंडेरना घर बठी ऱ्हायनी ते तू माहेरले कोठे जाशी? लोके म्हनतीन, सुमनले माहेर ऱ्हायनं नही."

म्हणजे हे सगळं माझ्यासाठी. बाजरी, पोतं, जाणं. मला माहेर असावं म्हणून ती नाशकात तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसणार, जिथे मला चहाही विचारून देतात. मला आणखीच राग आला. इतका राग मला कुणाचाच आला नव्हता. "साक्रीच्या भिंती म्हणजे माहेर का? भिंती गेल्या तर जाऊ देत. तू गेलीस की मी..."

ओरडताना मला बोलता येतं, रडताना येत नाही.

२९ एप्रिल

अबोला. गल्लीत लिंबाला झोके बांधलेत, पोरी गाणी म्हणतायत. सगळ्या माहेरी आलेल्या. दोन ब्लाउज उसवून पुन्हा शिवले, डोकं ठिकाणावर नाही. माळ्यावर चढलेले नाही मी त्या दिवसापासून. एवढा भांडून घातला आणि बघवत नाही.

३० एप्रिल, आखाजी

उठले तर सतरंजीची घडी. आई नाही. मोरीत नाही, अंगणात नाही. देवळात हे बघून आले, तिथे नाही. एकटीच एसटी स्टँडवर गेली की काय? चप्पल घालत होते तेवढ्यात वरून आवाज.

"सुमन! वर ये वं."

शिडीवर तिच्या चपला. पंचाहत्तरीची बाई, मोतीबिंदू, गुडघे गेलेले, एकटी चढली! "पडली असतीस म्हणजे?" खालूनच ओरडले. "उतर आधी. पत्रा तापेल आता, भाजून निघशील."

"ओरडाले बी वरच ये."

चढले. माझेही गुडघे काही नवे नाहीत. शिव्या पुटपुटतच चढले. झाडून काढलेलं सगळं. कोठीजवळ ट्रंकेतली तिची जुनी गोदडी अंथरलेली. घंगाळ पुसून ठेवलेलं. जात्याच्या पाळीला ताजं पीठ. चुंगड्यातला गहू इथेच दळला होता तिने, केव्हा उठली देव जाणे, बाहेरच्या खोलीत कूलरच्या घरघरीत आम्हाला ऐकूच आलं नाही, आणि सांजोऱ्या खाली तळून वर आणल्या होत्या. ताटलीत मांडलेल्या. ताटलीसुद्धा तिची, साक्रीची.

मला कुंकू लावलं. "बठ. पह्यले खाई ले."

मी उभीच. वाकून, पत्र्याला डोकं लागतं म्हणून. राग शोधत होते, होता तिथेच, पण हातात येईना.

"बठ म्हनस ना. मायना घर उनी आनि उभीच का?"

बसले. गोदडीवर. फळी हलली नाही. एक सांजोरी हातात दिली तिने, मी तोंडात घातली तेवढ्यात खाली फोन वाजला. ह्यांनी शिडीवरून वर दिला. दिलीप. स्पीकर लावला. उद्या सकाळी लवकर निघतो म्हणाला, आईला म्हणावं तयारी करून ठेव.

आखाजीला आलेली लेक चार दिवस राहते आणि परत जाते. सगळ्यांना माहीत आहे. पाचव्या दिवसाचं काय, ते आईच्या तोंडावर मला दिसेना.

तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"आत्ते माले येळ नही रे, दिलीप. मन्ही आंडेर माहेरले येल शे."

आणि फोन परत माझ्याकडे. तिकडून तो, "हॅलो? अक्का? आई काय म्हणते? अक्का, तू बोल ना."

मला बोलता येईना. तोंडात सांजोरी होती.